सहा पेन्सपासून सत्त्याहत्तर पौंडांपर्यंत

शाळेत इतिहास शिकवताना सनावळ्या, लढाया आणि तह यांतच वर्ष संपून जाई. भावाचा इतिहास पाठ्यपुस्तकात सहसा नसे. खरे तर एखाद्या साध्या गोष्टीचा भाव शंभर-सव्वाशे वर्षांत कसा बदलला, एवढे नीट पाहिले तरी समाज कुठून कुठे गेला ते कळते. आज अशाच एका भावाबद्दल लिहिणार आहे : इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्याच्या तिकिटाचा भाव. मंडळी म्हणतील, गुरुजींना या वयात हे काय सुचले! पण आमच्या कोल्हापुराला फुटबॉल परका नाही. शिवाय हल्ली घरोघरची नातवंडे शनिवार-रविवारी रात्री लिव्हरपूल नि मँचेस्टरचे सामने बघत बसलेली असतात. टीव्हीवर ज्या प्रेक्षकांचे गाणे ऐकून त्यांच्या अंगावर काटा येतो, त्या प्रेक्षकांची ही गोष्ट.

सुरुवात गिरण्यांपासून करावी लागते. १८५० च्या कारखाना कायद्याने इंग्लंडच्या कापड गिरण्यांत शनिवारी दुपारी दोन वाजता काम थांबवणे बंधनकारक झाले. शनिवारची दुपार मोकळी मिळाली आणि ती घालवायला फुटबॉल मिळाला. आजही तिकडे सामन्याची परंपरागत वेळ शनिवारी दुपारी तीन हीच मानतात, तिचे मूळ या अर्ध्या सुट्टीत आहे. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. हे बाराही क्लब लँकेशायर आणि मिडलंड्स या गिरण्या-कारखान्यांच्या मुलखातले होते. लंडनचा एकही नव्हता. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, लीगने प्रवेशाचा किमान दर ठरवला : सहा पेन्स. त्या वेळी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे हा पौंडाचा चाळिसावा भाग झाला.

हे सहा पेन्स सगळ्यांनाच परवडत होते अशी समजूत करून घेऊ नये. अकुशल मजुराला तेही जडच जात, म्हणून पहिल्या काळातल्या गर्दीत सुतार, लोहार, गिरणीतले कुशल कामगार यांचाच भरणा जास्त दिसतो. पण एकंदरीत हातावर पोट असलेल्या माणसाला पंधरवड्यातून एकदा आपल्या गावच्या संघाचा सामना बघता येईल, असा तो दर होता. पहिल्या महायुद्धानंतर तो एक शिलिंग झाला. वाढ झाली, पण माणूस बाहेर फेकला गेला नाही.

याला आणखी एक कारण होते, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या फुटबॉल असोसिएशनचा चौतिसावा नियम म्हणून एक नियम होता. क्लब ही कागदोपत्री कंपनी असली तरी भागधारकांना द्यायच्या लाभांशावर मर्यादा, सुरुवातीला पाच टक्के. संचालकांना पगार नाही. आणि क्लब बंद पडला तर उरलेली मालमत्ता वाटून घ्यायची नाही, ती खेळासाठी किंवा धर्मादाय कामासाठी जायची. म्हणजे क्लबमध्ये पैसा घालणाऱ्याला गावात मान मिळे, सामन्याला पुढची खुर्ची मिळे, पण घबाड मिळत नसे. आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयाच्या विश्वस्तासारखेच हे थोडेसे. तिकिटाचा दर वाढवून स्वतःचा खिसा भरायची सोयच नव्हती.

लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर एका गोलामागे मातीचा भराव घालून उभ्याने सामना बघायची मोठी उतरण केली होती. १९०६ मध्ये तिला ‘स्पायन कॉप’ हे नाव पडले. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचे. बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये त्या टेकडीवर इंग्रजांची मोठी हानी झाली, आणि मेलेल्यांत लँकेशायरच्या पलटणींतले पुष्कळ जवान होते. आपल्यासाठी याला आणखी एक धागा आहे. त्याच लढाईत जखमींना डोलीवरून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात बॅरिस्टर मोहनदास गांधी होते! ‘कॉप’वर एके काळी २८,००० पर्यंत माणसे उभी राहत. खांद्याला खांदा लागलेला, पुढचा हलला की मागचा हलायचा. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता या उभ्या गर्दीची दुसरी बाजू. मैदाने जुनी झाली होती, देखभाल नव्हती, आणि या प्रेक्षकाची कुणाला फारशी फिकीर नव्हती. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण गेले. त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलचे काही प्रेक्षक युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चालून गेले आणि भिंत कोसळून ३९ माणसे मेली. दंगेखोरी खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यावर उपाय म्हणून सगळ्याच प्रेक्षकांना जनावरांसारखे लोखंडी जाळ्यांच्या कोंडवाड्यात उभे करायचे, हा रिवाज पडला.

१५ एप्रिल १९८९. शेफील्डचे हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कपचा उपांत्य सामना. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले आणि लोंढा थेट मधल्या, आधीच भरलेल्या कोंडवाड्यांत गेला. पुढे जाळी, मागून रेटा. सामना सुरू झाल्यावर सहाव्या मिनिटाला थांबवावा लागला. या दुर्घटनेतल्या बळींची संख्या आज ९७ मोजली जाते. शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये, तेव्हाच्या जखमांनीच झाला. सर्वांत लहान बळी दहा वर्षांचा होता. त्या उभ्याच्या जागेचे तिकीट होते सहा पौंड.

चौकशी न्यायमूर्ती पीटर टेलर यांच्याकडे गेली. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात त्यांनी मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्ची द्यावी अशी शिफारस केली. इथे थोडे थांबून वाचण्यासारखे आहे. खुर्च्या आल्या की तिकीट महाग होईल आणि गरीब प्रेक्षक बाहेर जाईल, ही शंका टेलर यांना तेव्हाच आली होती. त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण दिले : तिथे बसायला सहा पौंड, उभे राहायला चार. म्हणजे दरातला फरक परवडण्याजोगा ठेवता येतो, असा त्यांचा मुद्दा. शिफारस दोन पायांवर उभी होती, सुरक्षित खुर्ची आणि रास्त दर. क्लबांनी पहिला पाय उचलला आणि दुसरा विसरून गेले.

विसरले म्हणण्यापेक्षा विसरणे सोयीचे झाले होते. चौतिसाव्या नियमाचा बांध आधीच फुटला होता. १९८१ पासून संचालकांना पगार घेता येऊ लागला, आणि १९८३ मध्ये टॉटनहॅम हॉट्स्पर हा शेअर बाजारात उतरणारा पहिला क्लब ठरला. क्लबच्या डोक्यावर एक वेगळी कंपनी बसवली की नियम क्लबला लागू, कंपनीला नाही! इतरांनी हीच पळवाट धरली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिच्या प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांना गेले. १९९४ च्या ३० एप्रिलला ‘कॉप’वर लोक शेवटचे उभे राहिले. खुर्च्या बसल्यावर तिथे सुमारे बारा हजार माणसे मावू लागली.

आता भाव पाहा. १९८९-९० च्या हंगामात मँचेस्टर युनायटेडचे सर्वांत स्वस्त तिकीट साडेतीन पौंड होते, २०११ मध्ये ते २८ पौंड झाले. लिव्हरपूलचे चार पौंडांचे ४५ झाले. नुसत्या महागाईच्या मानाने वाढले असते तर ही तिकिटे अनुक्रमे सहा आणि सात पौंडांच्या आसपास असायला हवी होती.

क्लबांची बाजूही ऐकली पाहिजे. नवी मैदाने बांधायला पैसा लागला. खेळाडूंचे पगार गगनाला भिडले. १९६१ पर्यंत त्यांना आठवड्याला वीस पौंडांपेक्षा जास्त देताच येत नव्हते, तो अन्याय होता आणि तो गेला ते बरेच झाले. मैदाने सुरक्षित झाली, बायका-मुले निर्धास्त येऊ लागली. हे सगळे खरे. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये देशांतर्गत प्रक्षेपणाचे तीन वर्षांचे हक्क पाच अब्ज पौंडांहून जास्त रकमेला विकले गेले. एवढी गंगा वाहत असताना तिकीट वाढवायचे, याला गरज म्हणता येत नाही.

पुढच्याच वर्षी लिव्हरपूलच्या मालकांनी नव्या स्टँडमधले महागातले तिकीट ७७ पौंड करायचे जाहीर केले. ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलंडविरुद्ध सामना होता, लिव्हरपूल २-० ने पुढे. ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक शांतपणे उठले आणि मैदानाबाहेर गेले. दगड नाही, शिवी नाही. उरलेल्या वेळात संडरलंडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला! चार दिवसांत मालकांनी माफी मागून वाढ मागे घेतली. त्याच मार्चमध्ये प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली आणि ती पुढेही कायम ठेवली. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये, तब्बल २७ वर्षांनी, हिल्सबरोच्या ज्युरीने निकाल दिला : मृत्यू बेकायदा होते, आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. ज्या गावाने एवढी वर्षे खोटे आरोप सोसून न्याय मागितला, त्या गावाला तिकिटासाठी उठून जाणे काय कठीण!

दुसरा मार्ग नाही, असेही नाही. जर्मनीत १९९८ पासून ‘५०+१’ नियम आहे. काही जुने अपवाद सोडले तर क्लबच्या मतांत बहुमत सभासदांचे. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही सुमारे २५,००० माणसे उभ्याने सामना बघतात, तेही स्वस्तात. मँचेस्टरमध्ये २००५ साली युनायटेड अमेरिकन मालकाने कर्ज काढून विकत घेतला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी एफसी युनायटेड नावाचा स्वतःचा छोटा क्लब काढला, एका सभासदाला एक मत. इंग्लंडमध्ये २०२२ पासून सुरक्षित कठड्यांसह उभे राहायला पुन्हा परवानगी मिळाली आहे. उभे राहणे परत आले, जुना दर काही परत आला नाही.

उलट नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने, हंगाम अर्ध्यावर असताना, उरलेल्या सामन्यांची तिकिटे सरसकट ६६ पौंड केली. मुलांची आणि आम्हां पेन्शनरांची सवलतही काढली. आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने मागणीप्रमाणे वरखाली होणारे दर आणले. डिसेंबर २०२५ मध्ये कळले की निष्ठावंत चाहत्यांच्या कोट्यातसुद्धा अंतिम सामन्याचे स्वस्तातले तिकीट चार हजार डॉलरच्या वर आहे. ओरड झाली तेव्हा थोडी तिकिटे साठ डॉलरला काढली.

मंडळी, आपल्या नाटकांत पूर्वी ‘पिटातला प्रेक्षक’ असे. सगळ्यांत स्वस्त तिकीट त्याचे, पण नाटक चढले की पडले हे तोच ठरवायचा. फुटबॉलमध्ये उभा प्रेक्षक म्हणजे हा पिट. २०२० मध्ये करोनामुळे सामने रिकाम्या मैदानांत झाले, तेव्हा टीव्हीवाल्यांना जुन्या गर्दीचा आवाज वरून जोडावा लागला. अब्जावधींना जो खेळ विकला जातो त्यात त्या गर्दीचा आवाजही विकला जातो, हे तेव्हा उघडे पडले. त्या आवाजाचे पैसे कुणी गर्दीला देत नाही. उलट तो काढण्यासाठी तिच्याकडूनच जास्त पैसे घेतात.

तिकिटाच्या भावाचा खरा परिणाम एका सामन्यात दिसत नाही. महाग झाले म्हणून मैदान रिकामे पडत नाही, परगावचे आणि परदेशचे पाहुणे येतात, खुर्च्या भरतात. पण बाप पोराचा हात धरून ज्या जागी उभा राहिला, तिथे ते पोर मोठे होऊन आपल्या पोराला नेऊ शकत नाही. अशा तऱ्हेने शंभर वर्षांची एक साखळी मुकाट्याने तुटते आणि हिशेबाच्या वहीत तो तोटा कुठेच लिहिला जात नाही. म्हणून ते ७७ वे मिनिट मला मोलाचे वाटते. त्या दिवशी उठून गेलेल्यांत असे कितीतरी असतील, ज्यांना स्वतःला ७७ पौंडांचे तिकीट कधी काढायचेच नव्हते. ते आपल्या शेजारच्यासाठी उठले.