सटन प्लेस

सटन प्लेस : इंग्लंडच्या सरे परगण्यात, गिल्डफर्डजवळ वे नदीकाठी असलेला ट्यूडरकालीन जहागिरी वाडा. सटनची जहागीर आठव्या हेन्रीने १५२१ मध्ये आपला दरबारी सर रिचर्ड वेस्टन याला दिली आणि त्याने त्याच दशकात वाड्याचे काम सुरू केले. विचारवंत फ्रेडरिक हॅरिसन (१८३१–१९२३) याने १८९३ मध्ये या वाड्याचा आणि त्याच्या धन्यांचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. भिंती आणि घराण्याची कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहिली, तरच अशा वास्तूचा उलगडा होतो, हे सटन प्लेसच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वाड्याला तटबंदी नाही. खिडक्या मोठ्या आणि दर्शनी भाग समतोल आहे. मोठा दिवाणखाना व चौक ही मांडणी जुनी इंग्रजी, तर विटांच्या भिंतींवरील टेराकोटाच्या पट्ट्यांतली पंखधारी बालके इटालियन प्रबोधनकालीन वळणाची आहेत. धन्याची आद्याक्षरेही त्याच मातीत उमटवलेली आहेत. हे सारे घडवणाऱ्याला आपली सुरक्षितता किल्ल्यात नव्हे, राजाच्या मर्जीत दिसत होती, असा निष्कर्ष वास्तूवरून निघतो. ती मर्जी किती अस्थिर होती, हे मात्र कागदपत्रे सांगतात. वेस्टनचा मुलगा फ्रान्सिस याच्यावर राणी ॲन बोलिनशी व्यभिचाराचा आरोप आला आणि १७ मे १५३६ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. तरीही जहागीर बापाच्या नावावर असल्याने घराण्याकडेच राहिली आणि पुढे नातू हेन्रीकडे गेली. सतराव्या शतकातील वेस्टन कॅथलिक असल्याने त्यांना सार्वजनिक अधिकारपदांची वाट बंद होती. नव्या रुचीप्रमाणे वाडा पुरता पालटण्याइतके वैभव त्यांच्याकडे आले नाही, हे त्याचे ट्यूडर रूप टिकण्याचे एक संभाव्य कारण मानता येते.

अशा अभ्यासावर पहिला आक्षेप असा, की तो धन्यांचे गुणगान करतो. हॅरिसनला तो लागू पडत नाही. त्याच्या वडिलांनी वाडा भाडेपट्ट्याने घेतला होता. वेस्टन कुळाची थोरवी सांगण्यात त्याचा स्वार्थ नव्हता. कुळे आणि चाकर यांची त्यात फारशी दखल नसते, हा दुसरा आक्षेप खरा आहे. पण त्यासाठी घराण्याचा इतिहास टाकून देणे हा उपाय नव्हे. याच घराण्यातील दुसरा सर रिचर्ड (१५९१–१६५२) यादवी युद्धाच्या काळात फ्लँडर्समध्ये राहिला. तेथील सलगम आणि क्लोव्हरच्या पिकांची पद्धत त्याने इंग्लंडमध्ये लिहून मांडली आणि वे नदी जलवाहतुकीस योग्य करण्याचे काम हाती घेतले. त्याच्या मृत्यूनंतर १६५३ मध्ये गिल्डफर्डपासून थेम्सपर्यंतचा जलमार्ग खुला झाला. शेतकरी, नावाडी आणि बाजार यांच्या इतिहासाकडे जाणारी वाट इथे वंशावळीतूनच निघते. तिसरा आक्षेप फेरफारांचा. चौकाची उत्तर बाजू अठराव्या शतकाच्या अखेरीस पाडली गेली, म्हणून आजचा तीन बाजूंचा आराखडा मूळ समजणे चूक ठरेल. ही चूक टाळण्यासाठीच कागदांची साक्ष लागते.

१९५९ मध्ये तेलसम्राट जे. पॉल गेटी याने हा वाडा घेतला. १९७६ मध्ये तो तेथेच वारला. धनी बदलत गेले, तरी सटन प्लेसचे खरे मोल प्रसिद्ध रहिवाशांत नाही. राजकारण, धर्म आणि शेती यांचे दुवे एकाच वास्तूत तपासता येतात, यातच ते आहे.