सान तेओदोरो गुहा

सान तेओदोरो गुहा : इटलीच्या सिसिली बेटावरील प्रसिद्ध जीवाश्मस्थान. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, मेस्सीना इलाख्यातील आक्वेदोल्ची गावाजवळ, नेब्रोदी पर्वताच्या पायथ्याशी चुनखडकाच्या कड्यात ही गुहा असून तिचे एकसंध दालन सुमारे ६० मी. लांब व २० मी. रुंद आहे. बॅरन फ्रांचेस्को आंका यांनी ती १८५९ मध्ये प्रथम खणली. त्याच सुमारास शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांचे संशोधक ह्यू फाल्कनर हेही पालेर्मोनजीकच्या गुहा धुंडाळीत होते. वरच्या थरांत पुराणाश्मयुगाच्या अखेरच्या पर्वातील मानवी दफने सापडली व गुहेचा लौकिक मुख्यतः त्यांच्यामुळे झाला. तथापि तिचे खरे वैभव त्यांखालच्या, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या थरात आहे, कारण तेथे गुहेची मालकी तरसांकडे होती.

हे तरस म्हणजे आफ्रिकेतील ठिपकेवाल्या तरसाचा, हिमयुगात यूरोपभर पसरलेला, आज नामशेष झालेला गुहावासी प्रकार होय. महाराष्ट्राच्या माळरानांवरील पट्टेरी तरसाशी त्याचे नाते दूरचे असून हा भेद खालच्या जबड्यातील एकुलत्या एका दाढेवरून तत्काळ ओळखता येतो : पट्टेरी तरसाच्या दाढेला आतल्या अंगास एक लहान उंचवटा व मागे बऱ्यापैकी मोठी टाच असते, तर ठिपकेवाल्याच्या दाढेतून तो उंचवटा नाहीसा होऊन, टाच अगदी खुजी राहून, सारी दाढ मांस कापणाऱ्या दोन पात्यांची कात्रीच बनलेली असते. हाडे फोडण्याचे काम मात्र या दाढेकडे नसून तिच्या पुढच्या, शंकूसारख्या जाड उपदाढांकडे असते, आणि त्यांच्या दंतवल्कातील नागमोडी पट्टे तडा पसरू देत नाहीत. कवटीच्या माथ्यावरील उंच अस्थिकटक जबड्याच्या प्रचंड स्नायूंना आधार देतो. कपाळातील पोकळी पार मेंदूच्या कोशावर पसरलेली असल्याने कवटीला घुमटाचा आकार येतो व चावण्याचा ताण त्या घुमटावरून मागे वाहून जातो. इतकी सुसंगत रचना मांसाहारी प्राण्यांत विरळाच. आफ्रिकेतील आजच्या तरसाच्या मानाने गुहावासी तरसाची दंडाची व मांडीची हाडे लांब, तर पंजांची हाडे आखूड होती.

ही शरीररचना ध्यानी घेतली म्हणजे थरातील अस्थिसंचयाचा उलगडा होतो. रानबैल, तांबडे हरीण, रानडुक्कर, लहान चणीचा रानगाढव आणि बेटावर राहून खुजा झालेला, खांद्याशी सुमारे २ मी. उंचीचा हत्ती, यांच्या हाडांवर दातांच्या खुणा स्पष्ट आहेत. गिळलेल्या हाडांतील चुन्यामुळे तरसांची विष्ठा टिकाऊ होते. तिचे अश्मीभूत गोळे येथे विपुल असून त्यांत अडकलेल्या परागकणांवरून तत्कालीन सिसिलीत गवताची व दवण्याच्या कुळातील झुडपांची मोकळी राने असून मधूनमधून वृक्षही होते, असे सिद्ध झाले आहे. बेटाच्या वनस्पतिसृष्टीचा हा दाखला दुसऱ्या कोणत्याही दप्तराने नव्हे, तर तरसांच्या आतड्यांनी जपून ठेवला आहे.