चर्चबाह्य ख्रिस्ती उपासना

चर्चची इमारत, नेमलेला पाळक आणि मंडळीची सभासद-यादी यांपैकी एका किंवा सगळ्यांवाचून चालणारी ख्रिस्तभक्ती. घरगुती प्रार्थना, भजन-कीर्तन, आश्रमातले सहजीवन आणि बाप्तिस्मा न घेता येशूला गुरू मानणे, हे तिचे ठळक प्रकार.

चांदा मुलुखात तिचे पहिले कारण अंतर. जुना चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा अफाट होता. गडचिरोली त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी चांदा शहरात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन होते, तर पार दक्षिणेला, प्राणहिता-गोदावरी संगमाजवळच्या सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्टांचे. मधला सारा पट्टा रानाचा. पावसाळ्यात नद्या चढल्या की वाटा बंद. अशा ठिकाणी चर्चपेक्षा घरची प्रार्थनाच जवळ. चांद्याचे मिशनरी अलेक्झांडर वुड यांनी या कामाचा वृत्तान्त ‘इन अँड आउट ऑफ चांदा’ (१९०६) या पुस्तकात दिला आहे.

दुसरे कारण मराठी भक्तिपरंपरेचे. कवी ना. वा. टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला होता. पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बरीच वर्षे काम केले. परदेशी मंडळाच्या पगारावर चालणारा धर्म इथल्या माणसाला परकाच वाटणार, हे त्यांना जाचत होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र येणार होते. मंडळीत येण्याची पहिली पायरी बाप्तिस्मा, असे मानणाऱ्यांच्या दृष्टीने हा उंबराच काढून टाकण्याचा प्रकार होता. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

टिळकांनी या उपासनेला गाणीही दिली. त्यासाठी अभंग आणि ओवी ही घरचीच वृत्ते वापरली. ख्रिस्ती कीर्तनाची बांधणीही ओळखीचीच: पूर्वरंगात पवित्र शास्त्रातले एखादे वचन आणि त्याचे निरूपण, उत्तररंगात उधळ्या पुत्रासारखे आख्यान, साथीला टाळ आणि पेटी. त्यासाठी वेदी लागत नाही, अंगण पुरते.

टिळकांचे इंग्रजी चरित्र (१९२३) लिहिणारे जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी. त्यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ काढला. संघाच्या पुण्यातील आश्रमात भारतीय आणि इंग्रज सभासद खादी नेसत, भुईवर बसून शाकाहारी जेवण घेत. १९२७ साली व्हेरियर एल्विन हे इंग्रज धर्मगुरू या संघात आले. तेथेच त्यांची गाठ शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी पडली. १९३२ च्या आरंभी ही जोडी मैकल डोंगरातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेली. हे गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होते. मातीच्या झोपड्या, त्यांतच प्रार्थनेची जागा, बाजूला शाळा आणि दवाखाना, असा त्यांचा आश्रम होता.

येथे चांद्याचा धागा पुन्हा जुळतो. हेच वुड आता नागपूरचे बिशप होते आणि करंजिया त्यांच्या अखत्यारीत येत होते. एल्विन काँग्रेसच्या बाजूचे, म्हणून राजनिष्ठेची शपथ घ्यायला तयार नव्हते. गोंडांचे धर्मांतर करण्याचाही त्यांचा इरादा नव्हता. बिशपांनी परवाना नाकारला. परवान्यावाचून धर्मगुरूला प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही, त्यामुळे भक्ती आश्रमात आणि अधिकार नागपुरात अशी फारकत झाली. १९३५ साली एल्विन यांनी चर्च ऑफ इंग्लंड सोडले. त्याच वर्षी त्यांचा आणि हिवाळे यांचा गोंड लोकगीतांच्या अनुवादांचा संग्रह निघाला. पुढे हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधान जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला (१९४६).

वादाचे मुद्दे इतरत्रही हेच आढळतात. कालीचरण बॅनर्जी यांनी १८८७ साली कलकत्त्यात ‘ख्रिस्तो समाज’ काढला, तो पंथभेद आणि पाद्रीशाही यांना विरोध म्हणून. जपानमध्ये उचिमुरा कान्झो यांच्या ‘मुक्योकाई’ चळवळीने पाळक आणि संस्कारविधी दोन्ही बाजूला ठेवून घरोघरी बायबलवाचनाचे वर्ग चालवले. वाराणसीजवळच्या मातृधाम आश्रमात येणारे ‘ख्रिस्तभक्त’ बहुतांशी बाप्तिस्मा न घेतलेले असतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत आज संघटित चर्च आहे. सिरो-मलबार पंथाचा चांदा धर्मप्रांत १९७७ पासून स्वतंत्र असून त्याचे मुख्य देऊळ बल्लारपूरला आहे. प्रॉटेस्टंट घरांत संध्याकाळची प्रार्थना आणि कुणाच्या तरी ओसरीवरची भजनसभाही चालते. तेथे गायली जाणारी टिळकांची पदे ‘उपासना संगीत’ या मंडळ्यांच्या अधिकृत गीतपुस्तकात छापलेली आहेत, आणि रविवारी चर्चमध्येही तीच म्हटली जातात.