पात्याचा दुबळा भाग

काही वर्षांपूर्वी एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणी मी मराठीत आणत होते. त्याच्या मृत्यूनंतर घरच्या माणसांनी लिहिलेलं ते पुस्तक. त्यात एके ठिकाणी त्याच्या 'फॉइबल्स'ची छोटीशी यादी होती: जेवता जेवता डुलकी घेणं, तपकिरीची डबी कुठेतरी विसरणं आणि डोकं फिरलं की नोकरांवर चाबूक उगारणं. पहिल्या दोन गोष्टींसाठी 'बारीकसारीक खोडी' असं लिहून मी मोकळी झाले. तिसरीपाशी अडले. तिन्ही गोष्टी एकाच ओळीत, एकाच हसऱ्या सुरात आल्या होत्या. दोष, उणीव, वैगुण्य, दुर्गुण असे पर्याय समोर होते, पण दोष म्हणावं तर डुलकीवर अन्याय होतो आणि खोड म्हणावं तर चाबकाला माफी मिळते. मग मी या शब्दाचाच माग काढायला बसले.

'फॉइबल' इंग्रजीत रुळला तो सतराव्या शतकात, तलवारबाजीची परिभाषा म्हणून. त्या विद्येत पात्याचे दोन भाग मानतात. मुठीपासून मध्यापर्यंतचा 'फोर्ट', म्हणजे बळकट भाग. मध्यापासून टोकापर्यंतचा 'फॉइबल', म्हणजे दुबळा भाग. हा साधा तरफेचा हिशेब आहे. समोरच्याचा वार मुठीजवळच्या भागावर झेलला तर हात ठाम राहतो, टोकाजवळ झेलला तर पातं बाजूला ढकललं जातं. पोलाद तेच, फक्त मुठीपासूनचं अंतर वेगळं. दुबळा भाग नसलेलं पातं बनवताच येत नाही, आणि समोरच्यापर्यंत आधी पोचतं ते या दुबळ्या भागाचंच टोक. मूळ अर्थात निंदा नव्हती, तशी क्षमाही नव्हती.

शब्दाचं मूळ आणखी मागे, लॅटिनमध्ये आहे. 'फ्लेबिलिस' म्हणजे ज्यासाठी रडावं असं, शोचनीय. त्यातला एक 'ल' गळून जुन्या फ्रेंचमध्ये 'दुबळा' या अर्थाचं विशेषण तयार झालं. ते इंग्रजीत दोनदा आलं. मध्ययुगात आलं ते 'फीबल' होऊन, म्हणजे अशक्त, लेचंपेचं. काही शतकांनी पुन्हा आलं ते 'फॉइबल' होऊन. पुढे फ्रेंचांनी अशा अनेक शब्दांतल्या 'ओ-आय'च्या जागी 'ए-आय' लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या अकादमीनं 1835च्या कोशात ते मान्य केलं. इंग्रजीत मात्र जुनंच स्पेलिंग राहिलं. 'कनॉसर'चंही तसंच झालं.

आखाड्यातून हा शब्द दिवाणखान्यात आला. 1660 मध्ये दुसरा चार्ल्स परदेशातून परतून गादीवर बसला आणि लंडनच्या उच्चभ्रूंमध्ये फ्रेंच बोलीची हौस वाढली. जॉन ड्रायडनच्या 1673 मध्ये छापलेल्या 'मॅरिज आ ला मोड' या नाटकातली मेलांथा रोज नवे फ्रेंच शब्द मिरवते, आणि ते तिला पुरवण्याचं काम तिच्या दासीकडे असतं. दासीनं आणलेल्या यादीत एक शब्द 'फॉइबल' आहे. 1700 मध्ये विल्यम कॉन्ग्रीव्हनं 'द वे ऑफ द वर्ल्ड' लिहिलं. त्यात लेडी विशफोर्टच्या दासीचं नावच फॉइबल आहे. मालकिणीच्या सगळ्या दुबळ्या जागा तिला ठाऊक असतात आणि नाटकातलं कारस्थान तिच्याशिवाय पुढे सरकत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. दोन्ही नाटकांत हा शब्द दासीच्या हातात आहे. माझ्या समोरच्या पुस्तकात नोकरांना नावंही नव्हती.

पुढे ही जोडी फुटली. 'फोर्ट'ला इंग्रजांनी शेवटी एक 'ई' चिकटवला, इटालियन संगीतातल्या 'फोर्ते'शी त्याची गल्लत झाली, आणि आता आपणही 'माझं फोर्टे' म्हणतो तेव्हा तलवार आठवत नाही. 'फॉइबल' एकटा उरला आणि मवाळ होत गेला. आज त्याचा अर्थ आहे खपवून घेण्याजोगी छोटी उणीव, जी ऐकताना श्रोत्यानं थोडं हसावं अशी अपेक्षा असते. म्हणजे या शब्दात न्यायनिवाडा आधीच झालेला असतो. प्रश्न एवढाच की निवाडा करणारा कोण.

त्याचं सख्खं भावंड 'फीबल' आपल्याकडे कसं वापरलं गेलं ते पाहावं. मेकॉलेनं 1841 मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर दीर्घ लेख लिहिला. त्यात बंगाली माणसाच्या शरीराचं वर्णन करताना त्यानं हेच विशेषण वापरलं, आणि वर्णन शरीरावर न थांबता सगळ्या समाजाच्या स्वभावावर गेलं. त्याच लेखाच्या अखेरीस हेस्टिंग्जचेही दोष येतात. मेकॉले ते लपवत नाही. पण तत्त्वं काहीशी सैल होती, मन काहीसं कठोर होतं, असं म्हणून लगेच त्याच्या बुद्धीची आणि धैर्याची थोरवी सांगतो. राज्यकर्त्याच्या उणिवेशेजारी त्याचं बळ मांडलं जातं, पातं अखंड दाखवलं जातं. रयतेच्या वाट्याला नुसता दुबळेपणा येतो.

एवढं फिरून मी पुन्हा 'खोड'कडे आले. मराठीत खोड सहसा वरून खाली पाहणाऱ्याला दिसते. मूल खोडकर असतं, बैलाला खोड असते, घोडा खोडीचा निघतो. खोड मोडायची असते, जिरवायची असते. आणि मोडली नाही तर जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्यात कौतुकाचा लवलेश नसतो. 'फॉइबल' म्हणजे बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना दिलेली सूट. 'खोड' म्हणजे ज्याला त्रास झाला त्यानं ठेवलेलं नाव.

लेखकाचा शब्द बदलण्याचा अधिकार मला नव्हता. त्यानं तीन गोष्टी एका शब्दात बांधल्या होत्या, मीही एकाच शब्दात बांधल्या. फक्त 'बारीकसारीक' तेवढं काढून टाकलं. ते माझ्याच पदरचं होतं, मूळ मजकुरात नव्हतंच. आता वाक्य असं आहे की साहेबांना तीन खोडी होत्या. पहिल्या दोन वाचून वाचक हसेल. तिसरीला हसायचं की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं.