गृहशिक्षण : कायदा काय सांगतो?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणे म्हणजे गृहशिक्षण. अशा घरांत स्वयंपाकघर आणि बाग हेच वर्ग ठरतात. वाटीने पीठ मोजताना अपूर्णांक उमगतात, कुंडीतली मेथी भाजीला येईपर्यंत निरीक्षणवही भरते आणि दिवेलागणीला पाठांतरही होते.

प्रश्न आहे तो कायद्याचा. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वर्षांच्या पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही, म्हणूनच ही कुटुंबे संदिग्धतेत वावरतात. २०१२ च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा व मदरसे कायद्याबाहेर ठेवले. ही सवलत संस्थांना आहे. श्रद्धेपोटी घरी शिकविणाऱ्या कुटुंबांना नव्हे.

परीक्षेची वाट तुलनेने मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (स्थापना १९८९) दहावीस वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना बसता येते. नोंदणी ५ वर्षे वैध असते, विषय टप्प्याटप्प्याने देता येतात आणि त्यांत गृहविज्ञानही आहे. शाळा सोडल्याचा दाखला अशा मुलांकडे नसतो. त्यामुळे जन्मदाखला जपून ठेवावा.