तांड्याचे पूर्वज : आडनाव, बोली आणि हिशोब

उमरखेड तालुक्यातील ढाणकी परिसरात शाळांचे हजेरीपट उघडले, की राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे ही आडनावे ओळीने भेटतात. यांतली बरीच मुले तांड्यावरून येतात आणि घरी गोरबोली बोलतात. 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारले, तर 'राजस्थानचे, राजपूत' हे उत्तर ठरलेले असते. ते कितपत खरे, आणि तपासायचे कसे?

अशा प्रश्नात नाव, भाषा आणि रक्त यांची हमखास गल्लत होते. उझबेकांचे उदाहरण पाहा. हे नाव मंगोल सुवर्ण टोळीचा खान ओझबेग (राज्यकाल १३१३ ते १३४१) याच्यावरून पडले असे सामान्यतः मानतात. १५०० च्या सुमारास शैबानी खानाच्या भटक्या उझबेकांनी समरकंद जिंकले व बाबराला हुसकावले. पण आजची उझबेक भाषा प्रामुख्याने त्या जेत्यांच्या बोलीतून आलेली नाही. ती जवळची आहे बाबराने आपले आत्मचरित्र लिहिले त्या चगताई तुर्कीला. म्हणजे नाव जेत्यांचे, भाषा जितांची आणि वंश दोघांचा मिसळलेला!

आता आपल्या बंजाऱ्यांकडे वळू. 'बंजारा' हा शब्द 'वाणिज्य'शी आणि 'लमाण' हा 'लवण' म्हणजे मिठाशी जोडतात. दोन्ही नावे धंद्यावरून इतरांनी दिलेली. समाज स्वतःला 'गोर' म्हणतो आणि बाहेरच्याला 'कोर'. (वंजारी हा मराठी बोलणारा समाज वेगळा. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.)

तांड्याची परंपरा सांगते, की १६३० च्या सुमारास शहाजहानच्या दख्खन मोहिमेत वजीर आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे राठोड नायक १,८०,००० बैल घेऊन आले. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज या अधिकाऱ्याच्या १८८२ साली छापलेल्या टिपणात ही हकिकत आहे. बैलांचा आकडा मोजून लिहिलेला नाही, तेव्हा तो जपूनच घ्यावा. पण गाभा पटण्यासारखा आहे. त्याच शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. पुढे १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या सैन्याचे धान्यही बंजाऱ्यांनीच वाहिले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि वऱ्हाडात बैलांवरच्या वाहतुकीचे दिवस भरले. तांडे स्थिरावू लागले.

भाषेचा पुरावा याहून भक्कम आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या खंडात ही बोली राजस्थानी-गुजराती कुळाजवळ ठेवली आहे. मराठी 'आहे'च्या जागी गोरबोलीत 'छ' येते. गुजरातीत 'छे', जयपूरकडे 'छै'. उसने शब्द बाजारातून सहज येतात, पण क्रियापदाचा असा सांगाडा कोणी उसना घेत नाही. बोली वायव्येकडून आली, यात शंका उरत नाही.

मात्र बोली आली म्हणजे सगळे पूर्वजही तिथूनच आले, असे होत नाही. फळ्यावर हा हिशोब मांडून पाहा. १६३० पासून आजवर, पिढी २५ वर्षांची धरली तर, सुमारे १६ पिढ्या होतात. प्रत्येकाला आई-वडील दोन, आजे-आज्या चार. सोळाव्या पिढीत पूर्वजांच्या जागा २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६. समाजातच लग्ने झाल्याने एकच माणूस अनेक जागी येतो, त्यामुळे माणसे कमी असतात हे खरे. तरी 'राठोड' हे आडनाव बापाकडूनच चालत येते, म्हणजे या ६५,५३६ जागांपैकी ते एकाच जागेची बातमी देते, आणि तीही मध्ये कोणी दत्तक गेले नसेल, कोणी नवे आडनाव घेतले नसेल तरच. वाय गुणसूत्राची मर्यादाही तीच. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तशीच एक आईची ओळ दाखवतो. बाकीच्यांचा माग सर्व गुणसूत्रे तपासूनच लागतो.

युरोपातील रोमा लोक बंजाऱ्यांचे वंशज, असेही व्याख्यानांत ऐकू येते. रोमांचे पूर्वज वायव्य भारतातले, हे २०१२ च्या जनुकीय अभ्यासातून दिसले. पण ते सुमारे १५०० वर्षांपूर्वी बाहेर पडले. तेव्हा आजची राजस्थानीही घडलेली नव्हती. लांबचे भाऊबंद म्हणता येतील फार तर.

हा वाद पुस्तकी नाही. ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा. ती ओलांडून नांदेड जिल्हा पार केला की तेलंगण लागते. तिथे लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत. एकच बोली, पण दाखले तीन! फरक पूर्वजांमुळे पडलेला नाही. प्रत्येक राज्याची यादी वेगळ्या काळी आणि वेगळ्या कारभारात तयार झाली. दहावीनंतर दाखल्यासाठी रांगेत उभी राहणारी मुले आपल्याला याचे कारण विचारतात, तेव्हा त्यांना आधी फळ्यावरचा तो हिशोब दाखवावा, मग नकाशा.