घरातली जुनी शिलाई मशीन: शोपीस की पुरावा?



इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्याला मोडी कागद, दप्तरखाना, गॅझेटियर एवढंच आठवतं. पण तुमच्या घरात एखादी वस्तू साधन म्हणून उभी असेल तर? कोल्हापुरात मंगळवार पेठ, शिवाजी पेठ भागातल्या जुन्या घरांत आजी-पणजीची काळी पायमशीन अजून सापडते. हल्ली ती पॉलिश करून हॉलमध्ये मांडतात. काही जण चार-पाच मशीन जमवून ओळीने लावतात. काही ठिकाणी हेड भंगारात जातं आणि बिडाच्या स्टँडवर काच टाकून टेबल होतं. मांडायला काहीच हरकत नाही. पण मांडताना त्या वस्तूतला इतिहास पुसला जातो का, हा आजचा मुद्दा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत एलायस हॉवेने 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगरने 1851 मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं. सिंगर कंपनीचं खरं यश मात्र विक्रीत होतं. 1850 च्या दशकातच तिने हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली. 1885 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकचा प्रचंड कारखाना सुरू झाला. भारतात कंपनीचा कारभार बराच काळ एन. एम. पटेल या पारशी व्यापाऱ्याने सांभाळला. कोल्हापूर 1891 मध्ये मिरजेशी रेल्वेने जोडलं गेलं, त्यामुळे असा जड माल इथवर आणणं सोपं झालं. पुढे 1930 च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' मशीन बनू लागली. म्हणजे तुमच्या घरातली मशीन या साखळीत नेमकी कुठे बसते, हा झाला संशोधनाचा प्रश्न.

मशीन वाचायची कशी?

जुन्या सिंगरवर नंबर कोरलेला असतो. 1900 च्या आधी नुसते आकडे, नंतर आकड्यांच्या आधी अक्षर. 'वाय' असेल तर क्लाइडबँक, 'जी' असेल तर अमेरिकेतलं एलिझाबेथ. कंपनीच्या नोंदींवरून तयार झालेल्या याद्यांमध्ये हा नंबर शोधता येतो.

इथेच नवखा संशोधक घाई करतो. यादीतली तारीख त्या नंबरांचा गठ्ठा कारखान्यात कधी ठरवला गेला, एवढंच सांगते. मशीन कोल्हापुरात कधी आली, ते ती सांगत नाही. मशीन जुनी विकत घेतलेली असू शकते, लग्नात आलेली असू शकते. हेड एका मशीनचं आणि स्टँड दुसऱ्याच मशीनचं, असंही सर्रास असतं. म्हणून तीन तारखा वेगळ्या लिहा: बनल्याची, घरात आल्याची आणि घरच्यांच्या आठवणीतली. तिन्ही जुळल्या नाहीत तर वैतागू नका. त्या फरकातच पुढचा प्रश्न सापडतो.

गोष्ट आणि पुरावा

एक चांगलं उदाहरण गांधीजींचं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये शिलाई मशीनचा अपवाद केला. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र बनवलं, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात सिंगरने बोस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेली मशीन पाहून सुधारणा केली, आणि त्याचा हेतू उघडउघड पैशाचा होता. मग गांधीजींची गोष्ट टाकून द्यायची? मुळीच नाही. सिंगरबद्दल ती चुकीची आहे, पण 1924 च्या भारतात लोक या यंत्राकडे कसं पाहत होते, याचा ती उत्तम पुरावा आहे. "पणजीनं मशीनवर पोरं शिकवली" ही घरातली गोष्टही अशीच तपासायची आणि अशीच जपायची.

साफसफाई: इथे थोडं रसायनशास्त्र

मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या मशीनवरची सोनेरी नक्षी म्हणजे चिकटवलेलं चित्र. त्यावर बहुतेकदा लाखेच्या वॉर्निशचा थर असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे चकाकी आणायला स्पिरिट किंवा थिनर फिरवलं, की नक्षी गेलीच. मऊ कापड आणि मशीनचं तेल पुरेसं आहे. नवा रंग तर देऊच नका. कापड सरकवून सरकवून जिथे रंग झिजला आहे, तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं काम केलंय. ती झीज म्हणजे न लिहिलेली नोंदवही. अंगठ्याच्या नखाएवढा उडालेला रंगही आधी फोटोत घ्या.

संग्रह म्हणजे काय?

पुण्याचे दिनकर केळकर आठवा. 1920 च्या सुमारास त्यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू गोळा करायला सुरुवात केली. त्यातून आजचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. ज्या वस्तू लोकांना किरकोळ वाटत होत्या, त्यांच्यावर आज प्रबंध लिहिता येतात. शिलाई मशीन आज त्याच टप्प्यावर आहे: दुर्मिळ वाटावी इतकी जुनी नाही आणि टाकून द्यावी इतकी जवळची.

म्हणून हॉलमधल्या मशीनशेजारी एक साधी वही ठेवा. नंबर, फोटो, कुणी वापरली, काय शिवलं, घरासाठी की पैसे घेऊन, दुरुस्ती कुणी केली. शेवटचे तीन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे, कारण बायकांच्या घरबसल्या कमाईच्या नोंदी सरकारी कागदांत फार कमी सापडतात. उत्तरं देणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. मशीन अजून शंभर वर्षं टिकेल. आठवणींना तेवढा वेळ नाही. या रविवारी आजीजवळ बसा आणि पहिलं पान भरा.